आमचं ॲनिमल हाऊस कसं वाढलं

मी पशुवैद्य, बीव्हीएससी परभणीची, आणि गेली बरीच वर्षं पुण्यातल्या एका रिसर्च विद्यापीठाचं ॲनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवायची जागा, सांभाळते. माईस आणि रॅट, बाकी प्राणी आमच्याकडे नाहीत. पुढे नुसतं उंदीर म्हणते तेव्हा माउस धरा. मध्यंतरी आम्ही जवळपास चारशे केजवरून बाराशे केजपर्यंत जागा वाढवली, त्या सगळ्या प्रवासाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं कारण आपल्याकडे या कामावर मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि नव्याने हे काम अंगावर पडलेल्या माणसाला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

जागा कमी पडायचं कारण सगळ्या संस्थांमध्ये सारखंच असतं. नवीन पीआय, म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख संशोधक, जॉईन झाले, प्रत्येकाचं काम वेगळ्या जीनवर, आणि क्रिस्पर हे जीन बदलायचं तंत्र आल्यापासून प्रत्येकाला स्वतःची वेगळी लाइन, म्हणजे ठरावीक जीन बदललेल्या उंदरांचा वंश, हवी. पूर्वी बाल्ब सी, स्विस, सी फिफ्टीसेव्हन या नेहमीच्या जाती असल्या की भागायचं. आता एकाच खोलीत वीस-पंचवीस लाइन, प्रत्येकीचं ब्रीडिंग वेगळं, प्रत्येक पिल्लाचं जीनोटायपिंग, म्हणजे त्यात कुठला जीन बदललाय याची तपासणी, वेगळी. दोन जीनच्या दोन्ही प्रती गेलेला उंदीर पाहिजे असेल आणि आईबाप दोघेही हेट्रोझायगस, म्हणजे प्रत्येक जीनची एकच प्रत गेलेले, असतील तर हिशोबाने सोळात एक पिल्लू कामाचं निघतं, उरलेली पंधरासुद्धा निकाल येईपर्यंत सांभाळायचीच असतात ना, त्यांना केज लागतो, खाणं लागतं, पाणी लागतं. नुसती मागणी मंजूर करणाऱ्या माणसाला हा हिशोब दिसत नाही.

वरून मला विचारणा झाली ती एका वाक्यात, किती रॅक लागतील ते कळवा. मी म्हटलं आधी आहे ते मोजते, मग सांगते.

मोजायला आमचे सगळ्यात जुने अटेंडंट बरोबर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. प्रत्येक केज खाली काढायचा, कार्ड वाचायचं, आत किती, कोण, किती दिवसांचे ते लिहायचं आणि मग ज्या प्रोजेक्टच्या नावावर तो केज आहे त्या प्रोजेक्टला एथिक्स कमिटीने, म्हणजे आयएईसीने, किती जनावरं मंजूर केलीत ते फॉर्म बीवर, म्हणजे मंजुरीच्या अर्जावर, बघायचं. यातून जे बाहेर आलं ते बघून मला वाटतं की कुठल्याही संस्थेने वीट रचायच्या आधी हे काम करायलाच पाहिजे. संपलेल्या प्रोजेक्टचे उंदीर अजून खात-पीत होते. काही लाइन अशा की पीएचडी करणारा मुलगा थीसिस देऊन परदेशी गेला, पण "राहू द्या डॉक्टर, लागेल कधीतरी" म्हणून ब्रीडिंग चालूच. एकेकट्या नरांचे केज तर कितीतरी, आणि ते एकत्र करता येत नाहीत, वेगवेगळ्या केजमधले मोठे नर एकत्र टाकले की ते एकमेकांना रक्त निघेपर्यंत चावतात.

सगळ्यात जास्त जागा खात होतं ते उशिरा होणारं वीनिंग, म्हणजे पिल्लं आईपासून वेगळी करणं. उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते आणि व्यायल्यावर एका दिवसाच्या आत परत माजावर येते, नर केजमध्येच असेल तर लगेच गाभण राहते. पहिली पिल्लं २१ दिवसांची झाली की वेगळी करायची हा नियम त्यासाठीच आहे, नाहीतर पुढची वेत पहिल्या पिल्लांच्या अंगावरच येते. मामांनी मला असा एक केज दाखवला, त्यात मोठी पिल्लं घरट्यावर चढून बसलेली आणि त्यांच्या खाली दोन दिवसांची गुलाबी पिल्लं चेंगरलेली, काही थंड पडलेली. वीनिंगची जबाबदारी कार्डावर ज्या स्कॉलरचं नाव होतं त्याची, तो सुट्टीवर. त्या दिवसापासून वीनिंग स्कॉलरकडून काढून आमच्याकडे घेतलं. तारीख झाली की मामा वेगळी करणार, स्कॉलर असो नसो.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये थ्री आर मांडले, रिप्लेसमेंट म्हणजे प्राण्याला पर्याय शोधणं, रिडक्शन म्हणजे संख्या कमी करणं, रिफाइनमेंट म्हणजे त्रास कमी करणं, आपण सगळे ते ट्रेनिंगमध्ये पाठ करतो. पण रिडक्शन म्हणजे फक्त प्रयोगाच्या ग्रुपमधले आकडे कमी करणं असं लोकांना वाटतं. शेल्फवर विनाकारण जन्माला येणारी पिल्लं हा मोठा आकडा आहे आणि तो कुठल्याच पेपरमध्ये छापून येत नाही. ज्या लाइन वापरात नव्हत्या त्यांचे शुक्राणू गोठवून ठेवायची सोय आम्ही एका दुसऱ्या संस्थेच्या मदतीने केली, ज्या लाइन बाहेरच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे लाइन जपून ठेवणाऱ्या संस्थेतून, परत मागवता येतात त्या सरळ बंद केल्या. यावर दोन पीआयशी चांगलीच वादावादी झाली, पण कमिटी माझ्या मागे उभी राहिली. सगळं आवरल्यावर एकूण केजपैकी जवळपास पाव हिस्सा रिकामा झाला. म्हणजे वाढवायची गरज नव्हती असं नाही, गरज होतीच, पण आता आकडा खरा होता.

आकड्यावरून जागा काढायची पद्धत तशी सोपी आहे. २५ ग्रॅमच्या वरच्या उंदराला साधारण ९७ चौरस सेंटीमीटर तळ लागतो, आयव्हीसीचा नेहमीचा केज ५०० चौरस सेंटीमीटरच्या आसपासचा, म्हणजे पाच मोठे उंदीर, त्याच्यावर एकही नाही. आयव्हीसी म्हणजे प्रत्येक केजला स्वतंत्र गाळलेली हवा देणारा रॅक. आधी आमच्याकडे जाळीच्या झाकणाचे उघडे केज होते. नवीन सगळं आयव्हीसीच घ्यायचं हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं, कारण एका केजचा आजार दुसऱ्यात सहज जात नाही, वास कमी आणि काम करणाऱ्याच्या नाकात जाणारी धूळही कमी. उंदराच्या लघवीतल्या प्रोटीनची ॲलर्जी फार लोकांना होते, आमच्या एका अटेंडंटला त्यातून दम्याचा त्रास सुरू झालेला मी बघितलाय.

पण रॅक जिथे उभे राहतात ती जागा एकूण जागेच्या निम्मीसुद्धा नसते. धुण्याची खोली, स्वच्छ केज ठेवायची खोली, खाद्य आणि बेडिंगचं स्टोअर, क्वारंटाइन, प्रोसिजर रूम, कपडे बदलायची जागा, स्वच्छ कॉरिडॉर वेगळा आणि घाणीचा वेगळा. आर्किटेक्टने पहिला नकाशा दाखवला त्यात सगळे रॅकच रॅक आणि धुण्याची जागा जिन्याखाली. तो नकाशा परत पाठवला.

जागा कुठली यावरून खूप दिवस गेले. बेसमेंटमधलं पार्किंग बंद करून तिथे करा असा प्रस्ताव आला, खर्च कमी म्हणून. मी मीटिंगमध्ये ह्यूस्टनचं उदाहरण दिलं, तिथे जून २००१ मध्ये ॲलिसन वादळाच्या पुरात मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी शिरलं आणि हजारो प्राणी बुडून मेले. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्क विद्यापीठात तेच, तळघरातले हजारो उंदीर गेले, कितीतरी लाइन वर्षानुवर्षं मेहनत करून तयार केलेल्या. कुणीतरी म्हणालं अहो ते अमेरिकेत, समुद्राकाठी. मी म्हटलं २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा, आंबील ओढ्याचं पाणी कुठल्या कुठल्या सोसायटीत शिरलं होतं, आणि तो ओढा आहे, समुद्र नाही. केजमधला प्राणी स्वतः बाहेर येऊ शकत नाही, पाणी वाढलं तर तो तिथेच राहतो. बेसमेंटचा विषय तिथे संपला.

वरचा मजलाही नको म्हटलं, मे महिन्यातली गच्ची तापते आणि एसीवरचा ताण दुप्पट. शेवटी पहिला मजला मिळाला. मग स्लॅबचा प्रश्न, कारण भरलेला रॅक सहज तीनशे किलोच्या पुढे जातो आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं मशीन, तर त्याहून कितीतरी जड. स्ट्रक्चरल इंजिनियरने ऑटोक्लेव्हच्या खाली बीम वाढवायला लावले.

आता धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण माझ्या मते सगळी क्षमता इथेच ठरते. हजार केज आहेत आणि दर चौदा दिवसांनी बदलायचे असं धरा, आठवड्याला पाचशे झाले, पाच दिवसांचा आठवडा म्हटलं तर रोज शंभर. एक केज म्हणजे बॉक्स, झाकण, ग्रिल, बाटली, नॉझल, कार्ड होल्डर. घाणेरडं बेडिंग ओतून काढायचं, धुवायचं, वाळवायचं, नवीन बेडिंग भरायचं, मग १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह. आमच्या जुन्या ऑटोक्लेव्हमध्ये एका वेळी वीसेक बॉक्स मावायचे आणि वाळवण्यासकट एका सायकलला दीड तास सहज. शंभर केज म्हणजे पाच सायकल, साडेसात तास, आणि त्यात खाद्य, पाण्याच्या बाटल्या, गाऊन यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही. म्हणजे जुन्या ऑटोक्लेव्हवर बाराशे केज चालवणं अशक्य होतं, रॅक कितीही आणा. मी हे गणित एका पानावर मांडून फायनान्सला दिलं आणि रॅकच्या आधी मोठा दोन दारांचा ऑटोक्लेव्ह मंजूर करून घेतला. दोन दारं म्हणजे एका बाजूने घाणीकडून आत, दुसऱ्या बाजूने स्वच्छ खोलीत बाहेर. हे मशीन कुठल्याही दारातून जात नाही, त्यामुळे एक भिंत मुद्दाम न बांधता ठेवली, मशीन आत आलं आणि मग भिंत झाली. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी कंत्राटदाराला हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून द्यावं, आणि पुढे मशीन बदलायची वेळ आली तर कुठली भिंत फोडायची तेही नकाशावर मार्क करून ठेवावं.

हवेचं काम दुसरं मोठं. सरकारी गाइडलाइनमध्ये तापमान १८ ते २९ डिग्री, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलणं, हे सगळं आहे. कागदावर सोपं वाटतं पण पुण्याच्या जुलैमध्ये बाहेरची आर्द्रता कितीतरी वेळा ९० टक्क्यांच्या पुढे जाते आणि तीच हवा शंभर टक्के ताजी म्हणून आत घ्यायची, ऑफिसच्या एसीसारखी तीच तीच फिरवायची नाही. एसीवाल्यांनी थंडाव्याचा हिशोब बरोबर केला होता, पाणी काढायचा कमी पडला होता. हवा आधी खूप थंड करून पाणी काढायचं आणि मग परत थोडी गरम करून सोडायची, त्यासाठी हीटर लागतो, आणि एसीच्या बजेटमध्ये हीटर कशाला हे समजावण्यात माझा पावसाळ्याआधीचा सगळा वेळ गेला. ओलं बेडिंग म्हणजे अमोनिया आणि अमोनिया म्हणजे उंदरांची नाकं आणि फुप्फुसं खराब, त्यामुळे या मुद्द्यावर मी मागे हटले नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखालची प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती जिला सगळे इतकी वर्षं सीपीसीएसईए म्हणायचे आणि आता सीसीएसईए म्हणतात, तिच्याकडे नवा नकाशा आणि खोल्यांचा तपशील पाठवला, तिने नेमलेले बाहेरचे नॉमिनी येऊन बघून गेले, त्यांनी क्वारंटाइनच्या दारावर चांगली सूचना केली ती आम्ही घेतली. टेंडरमध्ये सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम जातं, म्हणून स्पेसिफिकेशन स्वतः बसून लिहा, दुसऱ्यावर सोडू नका. केजचं प्लास्टिक कुठलं, ते किती तापमानाला ऑटोक्लेव्ह होतं, सुटी झाकणं पुढची काही वर्षं मिळणार का, आणि रोजच्या वापरापेक्षा किती जास्तीचे केज, हे सगळं त्यात पाहिजे.

बांधकाम सुरू झालं आणि जुने उंदीर भिंतीपलीकडेच होते, दुसरीकडे न्यायला जागाच नव्हती. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, उंदराला त्याच्या कितीतरी वरचं, ८० च्या आसपासपर्यंत. पिल्लं आईला हाक मारतात तीसुद्धा आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजात. शिवाय उंदीर दिवसा झोपतो, म्हणजे कामगारांची ड्यूटी ही नेमकी त्यांची झोपेची वेळ. एका सकाळी न सांगता ब्रेकर मशीन लागलं. दुपारी मी आत गेले तर भिंतीलगतच्या शेल्फवरच्या दोन माद्यांनी स्वतःची पिल्लं खाल्लेली, तिसरी घरटं मोडून पिल्लं केजभर तोंडात घेऊन फिरवत होती. नुसता जमिनीतून येणारा थरथराट हात ठेवला तर केजच्या ग्रिलवर जाणवत होता.

काम थांबवलं. साइट सुपरवायझरला गाऊन घालून आत नेलं आणि ती मादी दाखवली. तरुण मुलगा होता, त्याच्या घरीही तेव्हा लहान बाळ होतं, तो बराच वेळ बघत राहिला. मग आम्ही बसून ठरवलं की फोडायचं काम ब्रेकरने नाही तर कोअर कटिंगने, म्हणजे ठोकण्याऐवजी गोल कापून, आणि तेही ठरलेल्याच आठवड्यात. व्यायला आलेल्या सगळ्या माद्या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या, मोठ्या तोडफोडीच्या आधी तीन आठवडे नवीन जोड्या लावायच्या थांबवल्या म्हणजे त्या काळात बाळंतिणी कमी असतील. त्यानंतर तो मुलगा रोज सकाळी आधी मामांकडे यायचा, "मामा, आज आत कुणी बाळंतीण आहे का?" आणि मगच मशीन लावायचा. पीआय लोक सुरुवातीला चिडले, प्रयोग मागे पडतात म्हणून, पण घाबरलेल्या उंदराचा डेटा घेऊन तरी काय करणार.

सगळं उभं राहिल्यावर खोल्या बरेच दिवस रिकाम्याच चालवल्या, तापमान आणि आर्द्रता लिहून काढत. धूर सोडून बघितला, हवा स्वच्छ खोलीतून घाणीकडेच जाते ना. मग मी लाइट घालवून बघायचं म्हटलं. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले मॅडम जनरेटर टेस्ट झालाय, सर्टिफिकेट आहे. मी म्हटलं मेन स्विच खाली करा आणि कुणी कशाला हात लावायचा नाही. जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला, खोलीतले दिवे आले, सगळे खूश. पण एअर हँडलिंग युनिट, म्हणजे खोल्यांना हवा पुरवणारं यंत्र, बंदच. त्याच्या स्टार्टरला माणसाने जाऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय ते चालू होणार नव्हतं, आणि रॅकच्या ब्लोअरचंही तसंच. रात्री दोन वाजता ते बटण कोण दाबणार? आयव्हीसीचा केज चांगलाच बंद असतो, पंखा थांबला की आत कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा वाढायला लागतो, झाकणावरच्या फिल्टरमधून थोडी हवा येते पण त्याच्या भरवशावर रात्र काढायची नसते. त्या एका टेस्टमुळे स्टार्टर आपोआप चालू होणारे बसवले, ब्लोअरना यूपीएस दिला आणि पंखा थांबला की माझ्या, मामांच्या आणि सिक्युरिटीच्या फोनवर कॉल येईल असा अलार्म लावला. सर्टिफिकेटवर विसंबून राहिलो असतो तर पहिल्या वादळी रात्री काय झालं असतं त्याचा विचारही नको वाटतो.

यानंतरही जुने उंदीर उचलून नव्या खोलीत ठेवायचे नव्हते. आधी तपासणी. शेपटीच्या मुळाशी सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबायचा, काचेच्या स्लाइडवर लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आमच्या जुन्या कॉलनीत पिनवर्म, म्हणजे आतड्यातला बारीक जंत, निघाला, एका बाजूने चपटी, केळ्यासारखी दिसणारी ती अंडी एकदा बघितली की विसरत नाहीत. उंदीर दिसायला ठणठणीत असतात पण त्यांच्या इम्युनिटीचे आकडे बदलतात, आणि ती अंडी धुळीतून सगळीकडे पसरतात. मग फेनबेंडाझोल हे जंताचं औषध मिसळलेलं खाद्य, प्रत्येक केज बदलणं, परत टेप, परत खाद्य. दिल्लीहून, बंगलोरहून नवीन लाइन यायला तयार होत्या, त्यांना थांबवलं. एका मोठ्या ग्रँटवाल्या सरांनी फोन करून दबाव आणला, त्यांना मी स्लाइड दाखवायला बोलावलं, ते आले, बघितलं आणि नंतर त्यांनीच बाकीच्यांना समजावलं हे मला फार बरं वाटलं. रिपोर्ट स्वच्छ आल्यावर लाइन एकेक करून हलवली, आधी ज्यांचे केज कमी त्या. नव्या खोलीत प्रत्येक रॅकवर सेंटिनेल, म्हणजे आजार लवकर कळावा म्हणून पहाऱ्याला ठेवलेले उंदीर, ठेवले, बाकीच्या केजमधलं वापरलेलं बेडिंग थोडं थोडं त्यांच्या केजमध्ये घालतो आणि ठरावीक काळाने त्यांची तपासणी करतो.

सध्या दोन खोल्या भरून चालू आहेत. ब्रीडिंग सुधारलंय, एका वेतीतली जगणारी पिल्लं वाढलीत, वीनिंग तारखेला होतं. तिसऱ्या खोलीत रॅक लागलेत, हवा चालू आहे, परवानगी आहे, पण त्यात मी अजून एकही उंदीर ठेवू दिलेला नाही कारण त्या खोलीसाठी मागितलेल्या अटेंडंटच्या जागा मंजूर व्हायच्या आहेत. आहेत ती माणसं रोज सकाळी सहाला येतात, रविवारी आणि दिवाळीतही, आणि शंभर केज बदलल्यावर मामांचे खांदे संध्याकाळी वर होत नाहीत. त्यांच्यावर आणखी चारशे केज टाकायला मी तयार नाही. आउटसोर्सिंगने महिन्या-महिन्याला बदलणारी माणसं द्या असं सुचवलं गेलं, मी नाही म्हटलं, आजारी उंदीर दुरून ओळखायला शिकायलाच वर्ष जातं. फाइल आता रजिस्ट्रार ऑफिसला आहे, त्याला धुण्याच्या हिशोबाचं तेच पान परत जोडलंय, या वेळी मशीनच्या जागी माणसांचे तास मांडून.